साडूच्या विम्याचा कागद

कामथडीचा कोंडिबा बारा वर्षं आनंदराव मालकांच्या भोर-पुणे मोटारीचं हँडल मारत होता. थंडी असो, पाऊस असो, त्याच्या दोन हिसक्यांत मोटार सुरू. पण मालकांनी ड्रायव्हर करायचं ठरवलं ते गेनूला. गेनू म्हणजे कोंडिबाचा धाकटा साडू. दोन वर्षांमागं कोंडिबानंच त्याला मोटारीवर चिकटवलेला.

विम्याचा नवा कायदा आलेला. मालकांनी शिकाऊ म्हणून गेनूचं नाव घालून विमा उतरवला. तो कागद दाखवल्याबिगर पुण्यात ड्रायव्हरकीची परीक्षा न्हाई.

परीक्षेच्या सकाळी कोंडिबाची बायको ठकुबाई भाकरी थापता थापता त्याला म्हणाली, "आमच्या धाकल्या भनीच्या नवऱ्याचं नाव छापील कागदावर चढलं. तुमी मारा हँडल!"

कोंडिबानं अर्धी भाकर तशीच ठेवली.

कात्रजचा घाट चढायच्या आधी मोटार थांबली. मालक च्या प्यायला गेले, गेनू इंजनासाठी पाणी आणायला विहिरीवर. कोंडिबानं सीटखाली ठेवलेला विम्याचा कागद काढला आणि डोईच्या पटक्यात खोचला. तंबाखूची पुडीबी तिथंच असायची.

पुण्यात परीक्षा घेणाऱ्या साहेबानं पहिलंच विचारलं, "विमा?"

गेनूनं सीट उचलली, खिसे उलटे केले. "आत्ता हितंच व्हता, सायेब!"

"कागद नाही, परीक्षा नाही. गाडी न्या परत."

मालक भडकले. "एक कागद सांभाळंना तुला, मोटार काय सांभाळणार? म्या दुसरा गडी बघतो. कोंडिबा, मार हँडल!"

कोंडिबा खुशीत पुढं आला. हँडल उलटं झटकलं की पटका धुळीत जातो, म्हणून तो आधी काढून बॉनेटवर ठेवायचा, हे त्याचं बारा वर्षांचं वळण. हात आपसूक डोईकडं गेला. पटका बॉनेटवर टेकला, तशी पुडी घरंगळली. मागनं कागद.

साहेबानं कागदावरची तंबाखू झटकली, नाव वाचलं आणि गेनूला म्हणाला, "बस आत."

कोंडिबानं हँडल मारलं. मोटारबी मेली पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. गेनू पास झाला.

मालक कोंडिबाला हाकलणारच होते. गेनू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मालक. मोटारीला दुसऱ्याचा हात चालत न्हाई." ते कोंडिबाला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

पुढं लई वर्षं तो गेनूसाठी हँडल मारत राहिला. रोज सकाळी भोरात सगळ्या उतारूंदेखत पटका काढायचा, आणि रोज गेनू वरनं विचारायचा, "साडूबुवा, आज काय निघालं का?"