पाच ओळींचा अर्ज

गायत्री डिंडोलीची. बाप हिलाल पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगखात्यावर, आणि पोरगी कॉम्प्युटरवाली! हिलालने गल्लीत कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं. त्यात मिलमध्ये रजेचं अ‍ॅप आलं, तेही गायत्रीच्याच हातचं. मग काय, बापाचे पाय जमिनीवर ठरेनात.

मजुराने लिहिलेला मजकूर जेसॉन नावाच्या ठरलेल्या साच्यात बसवून मिलच्या सर्व्हरला पाठवायचा, एवढंच त्या अ‍ॅपचं काम. शहाण्याने माहिती आधी एका ऑब्जेक्टमध्ये भरावी आणि त्याचं जेसॉन लायब्ररीकडून, म्हणजे आयत्या तयार कोडकडून, करून घ्यावं. गायत्रीने मात्र कंस नि मजकूर मध्ये अधिकची चिन्हं टाकून हातानेच जोडले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा भूपेंद्र म्हणाला होता, हे कधीतरी तुटेल. 'नंतर करते' म्हणून तिने वेळ मारून नेली. वर कहर म्हणजे, सर्व्हरचं उत्तर न बघताच पडद्यावर 'अर्ज पोहोचला' दाखवलं. तिने तपासून पाहिलेले अर्ज सगळे एका ओळीचे: ताप आहे, दोन दिवस रजा द्या. ते चालले.

हिलाल जुन्या वळणाचा. त्याचा धाकटा भाऊ धुडकू अमळनेरला शेवटच्या घटका मोजत होता. हिलालने अर्ज लिहिला तो शाळेत शिकवला तसा. वर 'मा. मॅनेजरसाहेब', खाली विषय, मग कारण, मग मागणी, शेवटी 'आपला आज्ञाधारक'. प्रत्येक ओळ नवी. हाताने जोडलेल्या जेसॉनला मजकुरातली नवी ओळ पचत नाही. सर्व्हरने अर्ज दारातूनच परत धाडला. पडद्यावर मात्र 'अर्ज पोहोचला'.

मंजुरी काही येईना. सोबतचा लोटू म्हणाला, मुकादमाच्या कानावर घाल नि गाडीत बस. हिलाल ऐकेल तर शपथ! पोरीच्या अ‍ॅपला आपणच डावललं तर लोक काय म्हणतील? गायत्रीला विचारलं, तर तीही म्हणाली, पोहोचलाय म्हणजे पोहोचलाय, साहेब बघतील. तीन दिवस तो मोबाइल हातात धरून बसला. चौथ्या दिवशी सकाळी अमळनेरहून फोन आला. धुडकू गेला होता, आणि जाईपर्यंत दादा आला का म्हणून विचारत होता.

दहावं उरकल्यावर गायत्रीने सर्व्हरच्या नोंदी काढल्या, तर त्यात बापाचा अर्ज नाकारलेला सापडला. जेवताना तिने बापाला सगळं सांगून टाकलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. हिलालने ताट बाजूला सारलं.

"तुन्हं बनाडेल व्हतं ना माय," तो म्हणाला, "म्हनीसन वाट दखी मी."

दुसऱ्या दिवशी तिने ते सगळे जोड उपसून काढले. ऑब्जेक्ट केला, लायब्ररीच्या हवाली केला, सर्व्हरचं उत्तर बघायला लावलं. चाचणीसाठी बापाचाच अर्ज घातला, पाचही ओळींचा, जसाच्या तसा. आता कुणीही त्या कोडला हात लावला की ती चाचणी आपोआप चालते. भाऊ धुडकू अत्यवस्थ आहे, चार दिवस रजा मिळावी. अर्ज दर वेळी पोहोचतो.