उपाशी पोटी पेढा

सार्वजनिक आरोग्याच्या वाटचालीत असे क्षण क्वचितच येतात. माझ्या मावशीच्या आयुष्यात तो आला तेव्हा ती हिरवा गाऊन घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, आणि आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात पाणीही नव्हतं.

मावशी चारठाण्याची. पित्ताच्या पिशवीत खडे. सरकारी दवाखान्याच्या यादीत नाव लागून आठ महिने झाले होते. तेवढे महिने ती वरण-भातावर जगली आणि कळ आली की उशी पोटाशी धरून बसली. मग योजना आली: सरकारी यादीतले रुग्ण परभणीच्या खाजगी दवाखान्यात पाठवायचे, खर्च सरकारचा. कल्पनेला मी नावं ठेवणार नाही. ज्याला कळ येते त्याला भिंत कोणाची आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

पण शुभारंभाशिवाय आपल्याकडे टाकाही घालत नाहीत. पहिल्या दिवशीच्या आठ रुग्णांना दवाखान्याच्या अंगणात मांडवाखाली ओळीनं बसवलं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. नारळ, फीत, भाषणं झाली. मग पाहुण्यांनी प्रत्येक रुग्णाला आपल्या हातानं पेढा भरवला. मावशीच्या वेळी फोटोग्राफरचं काहीतरी चुकलं. "साहेब, पुन्हा एकदा," तो म्हणाला. मावशीनं पुन्हा तोंड उघडलं.

तिथं दवाखान्याचे मालक डॉक्टर होते, परिचारिका होत्या, अधिकारी होते. त्या आठ जणांना रात्रीपासून उपाशी ठेवणारे हेच लोक. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो, आणि याचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

भूल देणारे डॉक्टर नांदेडहून आले होते. ते आत होते, त्यांना कोणी मांडवात बोलावलं नव्हतं. मावशीला आत नेल्यावर त्यांनी विचारलं,

"आजी, सकाळपासून काही खाल्लं?"

"न्हाई बा. पानीबी न्हाई. त्यो पेढा तेवढा."

"कुठला पेढा?"

"दोन व्हते."

त्यांनी हातमोजे काढून टेबलावर टाकले. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं, हे त्यांनी मालकांना सर्वांदेखत सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता. आठांपैकी एकाच गृहस्थांची शस्त्रक्रिया झाली. त्यांना साखरेचा आजार होता आणि त्यांनी पाहुण्यांचा हात तोंडाजवळून मागं सारला होता. मांडवात त्यांच्याकडे सगळ्यांनी उर्मट म्हणून पाहिलं होतं.

"तू तरी नको म्हणायचंस," रिक्षात मी मावशीवर ओरडलो.

"येवढ्या मोठ्या मानसानं हातानं भरवला, थुकू का त्येच्या म्होरं? अन् तू काय करायलास तवा? टाळ्याच पिटायलास की!"

त्याच रात्री पेढ्यांनी काम केलं. तुपातल्या खव्याला आठ महिने दुरावलेलं ते पोट पहाटेपर्यंत कण्हत राहिलं.

पुढच्या आठवड्यात खाजगी दवाखान्यानं सांगितलं, मंजुरी त्या तारखेपुरतीच होती, नवी आणा. म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो. बाबूनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"यांची झाली की शस्त्रक्रिया."

"नाही झाली. खडे अजून आत आहेत."

"मग नवे झाले असतील."

"अहो, पोटावर एक टाका नाही. बघता का?"

"मी कशाला बघू? माझ्याकडं पूर्ण लिहिलंय."

वर साहेबांकडे गेलो. साहेब बैठकीला गेले होते. बैठक याच योजनेच्या यशाबद्दल होती. खाली आलो तेव्हा बाबूनं नवा अर्ज काढून ठेवला होता. मनानं वाईट नव्हता तो. मावशी बाकावर दोन्ही हातांनी पोट दाबून बसली होती. मी तिथंच उभ्यानं अर्ज भरला, तिचा अंगठा घेतला.

बाबूनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला. आधीच्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड जोडलेलं नव्हतं.