घर विम्यात होतं, जमीन नव्हती

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी तुमसरला विम्याची कामं करतो. सिहोऱ्याच्या बाजूला, नदीकाठच्या एका गावात रेखाताईंचं घर होतं. त्या शिवणकाम करायच्या. नवरा, तुळशीरामभाऊ, वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पक्कं, देखणं घर. मागे परसात पेरूची झाडं, आणि त्यापलीकडे काठ — दर पावसाळ्यात थोडा थोडा नदीत जाणारा.

ताईंच्या भावानं गावात वरच्या अंगाला जागा देऊ केली होती. तिकडे जावं की इथंच राहावं, हे ठरत नव्हतं. म्हणून, मी घराच्या विम्याचा अर्ज पुढे केला तेव्हा, त्यांनी मला विचारलं, "भाऊ, घराखालची जमीन गेली त तिचंही भेटन ना?"

घराचा विमा भिंतींचा असतो, छपराचा असतो. जमिनीचा नसतो. मला हे माहीत नव्हतं का? पाठ होतं. पण नाही म्हटलं तर त्या सही करतील? मी म्हणालो, "सगळंच येते त्याच्यात, ताई. काळजी कायले करता?"

त्यांनी भावाला नको म्हणून कळवलं.

पुढच्या वर्षी विम्याच्या नूतनीकरणाला गेलो, तेव्हा परसात लांबच लांब भेग होती. तुळशीरामभाऊंनी तिच्यात माती भरली होती. मी ती पाहिली — आणि ओलांडून पुढे गेलो. तेव्हा तरी बोलता आलं नसतं?

त्याच पावसाळ्यात, एका दुपारी, परस गेलं. पेरू गेले, विहीर गेली. घर मात्र जसंच्या तसं. मागचं दार उघडलं की खाली थेट पाणी. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, भिंतीला तडाही नाही, आणि जमीन विम्यात येत नाही.

"भाऊ, तुमीच सांगा ना साहेबाले, तुमी काय म्हणाले होते ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी असं म्हणालोच नाही, ताई."

त्या चिडल्या नाहीत. त्या आठवू लागल्या — तेच मला बघवलं नाही. तुळशीरामभाऊ त्यांच्यावरच खेकसले, "तुले समजत नाही त मधात काहून बोलतेस?"

भावानं ती जागा तोवर विकली होती. दोघं त्याच घरात राहिले. पुढच्या पावसाळ्यात घर कलायला लागलं, तेव्हा तुळशीरामभाऊ शिलाई मशीन काढायला आत शिरले. घर त्यांच्यासकट गेलं.

तेरवीला मी गेलो होतो. माझ्यासमोरच ताई कुणाला तरी सांगत होत्या, "या भाऊचा काई दोष नाही. मीच येडी, उलटं समजून बसली. नाहीतर आमी तवाच भावाच्या जागेवर गेलो असतो."

मी मान डोलावली.

त्या उलटं समजल्या नव्हत्या. मी बोललो होतो — स्पष्ट, त्यांच्याकडे बघून.