देवाची म्हैस

दान देऊन अख्ख्या मंडळीला पेचात टाकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आमच्या लहानशा चर्चमध्ये दानाची थैली समोर आली की बाकीचे लोक खिसा चाचपून हाताला लागेल ते टाकतात. मावसाजींना हे मंजूर नव्हतं. खिशात उरलेलं देवाला देणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं, असं त्यांचं मत. नाचणगावच्या त्यांच्या तुकडाभर वावरात जे पहिलं पिकेल ते चर्चमध्ये यायचं, आणि तेही उपासना सुरू झाल्यावर. एकदा त्यांनी पहिली पपई थेट उपदेशाच्या पुलपिटावर नेऊन ठेवली. पाळकसाहेब त्या दिवशी संयमावर बोलत होते, आणि मुंग्यांची रांग पवित्र शास्त्राच्या पानांवरून शांतपणे पपईकडे चालली होती.

एका वर्षी नाताळाआधी गरिबांसाठी कपडे गोळा करायचं ठरलं. घराघरांतून विटलेल्या साड्या आणि बटणं तुटलेले शर्ट आले. मावसाजींनी मावशीने सणासाठी शिवून घेतलेला कोरा शर्ट घडीसकट देऊन टाकला आणि नाताळाच्या उपासनेला कोपरावर विरलेला शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले. मावशीने घरी जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, "फाटकं गरिबाले काऊन द्याचं? फाटकं तं त्याच्यापाशी हायेच." पुढच्या वर्षापासून मावशीने त्यांचा नाताळाचा शर्ट सणाच्या सकाळपर्यंत शेजारणीकडे ठेवायला सुरुवात केली.

सुगीच्या उपासनेला तर ते अनावर होत. त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. चांगल्या भोपळ्यावर चढाओढ चाले. सुकल्या भेंड्यांकडे कुणी पाहत नसे. मावसाजी नेमकी तीच भेंडी बोली लावून घेत, कारण आणणाऱ्याचं मन दुखू नये. मग मावशी दोन-तीन दिवस तीच भेंडी रांधत राही.

अशाच एका सुगीला ते आपली दुभती म्हैस घेऊन आले. गोठ्यात दोन म्हशी होत्या, त्यातली ही चांगली. लिलावात बोलीच लागेना. आमची मंडळी म्हणजे नोकरदार, मास्तर, परिचारिका, दोन खोल्यांत राहणारे लोक; म्हैस बांधणार कुठे? शेवटी ती चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाखाली राहिली. पाळकसाहेब शहरातले. त्यांनी तिच्याजवळ जाऊन एकदा प्रार्थना केली, पण धार काढणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग मावसाजीच सकाळ-संध्याकाळ सायकलवर चाऱ्याला कुटाराचं गाठोडं आणि सरकीच्या ढेपेची पिशवी बांधून यायला लागले. म्हैस देवाला दिली होती. तिचा चारा, शेण आणि नखरे मात्र त्यांच्याकडेच राहिले.

दुधाचं काय करायचं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. मागच्या गल्लीत ज्या घरात लहान लेकरू किंवा आजारी माणूस असेल तिथे ते दूध नेऊन देत. चर्चच्या भिंतीपलीकडे एक म्हातारी एकटी राहत असे, तिचं भांडं सगळ्यांत आधी भरे. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हळूच विचारलं, की ही बाई आपल्या मंडळीतली आहे का. मावसाजी म्हणाले, "म्हशीचा तरी कुठं बाप्तिस्मा झाला हाये?"

पण चर्चचं छप्पर जुनं होतं. टिनाचे पत्रे गंजले होते, पावसाळा तोंडावर आला होता, आणि कमिटीत म्हैस विकण्याचा विषय निघाला. मीही कमिटीत होते. कुणाचं बोलणं चूक वाटत नव्हतं. छप्पर गळत होतं हे खरंच होतं. मावसाजींना सांगायला मात्र कुणी तयार होईना, म्हणून मला भाची म्हणून पाठवलं. ते धार काढत होते. मी सगळं सांगितलं. चरवीतला आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"देल्यावर माही कायची?" ते म्हणाले. "फक्त बाजारात मीच नेतो. दुसऱ्यासोबत ते चालत नाई."

बाजारात कमिटीचे वडीलधारे सोबत गेले होते. परतल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यात रागच जास्त होता. गिऱ्हाईक चांगलं मिळालं होतं, सौदा होत आला होता, आणि मावसाजी आपणहून सांगू लागले, की ही डाव्या अंगाला बसलं तर लाथ मारते, ढेप फार खाते, अनोळखी माणसाला चार दिवस पान्हा सोडत नाही. भाव उतरत गेला. वडीलधाऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं, तर म्हणे देवाची म्हैस खोटं बोलून विकायची का. जनावर विकलं तरी दावं जुन्या धन्याने ठेवायचं असतं. यांनी तेही देऊन टाकलं. नव्या दाव्याने तिची मान सोलली जाईल म्हणाले.

आलेल्या पैशात छपराच्या पुढच्या बाजूचं काम झालं. मागच्या बाजूसाठी आम्ही वर्गणी काढली.

म्हैस विकली त्या संध्याकाळी मावसाजी भिंतीपलीकडच्या म्हातारीकडे गेले. उद्यापासून दूध नाही एवढंच सांगायचं होतं. मी सोबत होते. ते दाराशी उभे राहिले. म्हातारीने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि आत बसायला सांगितलं. चुलीवर काळा चहा ठेवला, डब्याच्या तळाचा गूळ खरवडून त्यात टाकला आणि कान तुटलेला कप त्यांच्यापुढे धरला. मावसाजींनी कुणाकडून काही घेतल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ते नको म्हणतील. त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"म्हैस गेली माय," ते शेवटी म्हणाले.

"समजलं मले. दुपारपासून आवाज नाई आला तिचा," म्हातारी म्हणाली. "तुमी येत जाजा. चहा मी करीन."

मावसाजींनी मान डोलावली आणि चहा पिऊ लागले.