हासुरामबाबांची जीभ आणि ताकाची बिस्किटं

"मॅडम, तुमीच विचारा हिला. बाबांच्या जेवणात मीठ कुठून येतंय?"

जितेंद्रनं हे भर वॉर्डात, बाकीच्या पेशंटच्या देखत विचारलं. 'हिला' म्हणजे त्याच्या बायकोला, दर्शनाला. ती कॉटच्या पायथ्याशी उभी राहून सासऱ्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बघत होती. मी पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. पेशंटनं काय खावं हे ठरवणं माझं काम. नवरा-बायकोच्या भांडणात पंच होणं माझ्या कामात बसत नाही, पण गळ्यात पडतंच.

कॉटवर हासुरामबाबा होते. वय सत्तरीच्या पुढे. आजार हार्ट फेल्युअर. नाव भयंकर आहे, पण अर्थ इतकाच की हृदय चालू असतं, पंप म्हणून थकलेलं असतं. अशा माणसाच्या पोटात सोडियम जास्त गेलं की अंगात पाणी साठतं. आधी पाय सुजतात, मग छातीत पाणी होतं, आडवं झालं की जीव घुसमटतो. म्हणून मीठ जवळजवळ बंद. मागच्या खेपेला बाबांना बरं करून घरी पाठवलं, तेव्हा चार्ट मीच लिहून दिला होता. आता ते आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत आले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

सकाळच्या राउंडला सर, म्हणजे आमचे हृदयरोगतज्ज्ञ, एवढंच म्हणाले होते, "मीठ जातंय कुठून तरी." त्या एका वाक्यानं यांचं घर पुन्हा पेटलं.

"बाबा घरी येतील तेव्हा ही घरात नको," जितेंद्र म्हणाला. "हिच्या भावाला सांगितलंय मी, येऊन घेऊन जा."

"मी नाय घातलं," दर्शना म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्या वेळा उच्चारलं असावं, की त्यात आता रागसुद्धा उरला नव्हता.

बाबांनी हात हलवून मला जवळ बोलावलं. "बाय, हिचा जेवण आळणी हाय. माजा जल्म मिठागरात गेला. चिमूटभर पडला तरी मना कळतंय. ही घालत नाय."

"तुमी तिचीच बाजू घेणार," जितेंद्र बाबांना म्हणाला.

बाबांची मिठागरं उरणच्या बाजूला होती. ती संपादनात गेली, मिळालेल्या पैशांत कामोठ्याला फ्लॅट आला. मीठ गेलं तरी जीभ राहिली होती. या माणसाला खारट कळणार नाही, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी दर्शनाला बाबांचं दिवसभराचं खाणं विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? बाबा माज्या हातचं जेवतच नाय आता. इथून घरी गेल्यावर परत पाय सुजले, यांनी माज्यावर आळ घेतला, तेवापासून ताट परत येतंय."

मला वाटलं, म्हातारा रुसला. तसं नव्हतं.

"राग नाय," बाबा धापा टाकत म्हणाले. "मीच बंद केला. सूज तिच्या जेवणाची असंल तर उतरंल. नाय उतरली तर तिचा दोष नाय. ह्या पोराला डोळ्यांनी बघू दे म्हनलं."

सूज उतरली नव्हती, चांगली छातीपर्यंत चढली होती. सुनेला निर्दोष ठरवायला त्या माणसानं स्वतःचं थकलेलं काळीज पणाला लावलं होतं. मला भरून आलं, आणि चीडही आली. हे सगळं घरात चाललं असताना बाबा मग खातात काय, हे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"मग खात काय होतात?"

उत्तर जितेंद्रनं दिलं, जरा तोऱ्यातच. "बिस्किटं. साधी नाय मॅडम, ताकाची. पथ्याची म्हणून मागच्या डिस्चार्जपासून मीच आणतो. कळंबोलीला माझ्या मालाच्या गाड्या असतात, तिथल्या होलसेलवाल्याकडून आख्खा बॉक्स घेतो."

त्यानं कॉटशेजारच्या कपाटातून पुडा काढला. वर मडकं आणि रवीचं चित्र. मी एक बिस्किट तोंडात टाकलं. किंचित आंबट, किंचित गोड.

"लागतंय का मीठ?" बाबांनी विचारलं.

"नाही लागत."

मी पुडा उलटा केला. मागे एक तक्ता असतो. त्यात सोडियमचा आकडा असतो, पण तो शंभर ग्रॅमला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एक सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाबा सकाळी चहाबरोबर एक पुडा खायचे, दुपारी जेवणाऐवजी एक, रात्री एक. मी गुणाकार केला. बाबांना दिवसभरात चालेल तेवढं सगळं सोडियम नुसत्या बिस्किटांतूनच जात होतं, वर थोडं जास्तच.

मग घटकांची यादी वाचली. मैदा, साखर, तेल. ताकाची पावडर त्यानंतर, नावापुरती. मीठ थोडं, साखरेखाली झाकलेलं. आणि एक नंबर, ५००(ii). हा नंबर म्हणजे आपला खायचा सोडा. आंबट ताकात सोडा पडला की फसफसतं, त्यानं बिस्किट फुलतं. सोडियम मिठात असतं तसंच सोड्यातही असतं, फक्त ते जिभेला खारट लागत नाही. कंपनीनं काही लपवलं नव्हतं. सगळं छापलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात.

मी हे बाबांना सावकाश समजावलं.

"सोडा आमच्या आगरात पिकत नाय," ते म्हणाले. मला हसू आलं, पण त्यांनी डोळ्यांवर हात घेतला होता. "मंजे मीच खाल्ला."

"मी आणला," जितेंद्र म्हणाला. पुडा हातात तसाच धरून तो स्टुलावर बसला.

बिस्किटं बंद झाली. पाणी उतरवायची इंजेक्शनं चालू होतीच, ती आता लागू पडली. सूज ओसरली, श्वास मोकळा झाला. पण हृदयाची जी ताकद त्या दिवसांत गेली ती परत आली नाही. बाबांना आता बाथरूमपर्यंत जायलाही कोणाचा तरी हात धरावा लागतो. तो दर्शनाचा असतो.

डिस्चार्जच्या दिवशी ती माझ्या केबिनमध्ये आली. "मॅडम, कागदावर लिवून द्या. तोंडाचं कोन ऐकत नाय."

"काय लिहू?"

"मीठ माज्या हातचं नवतं, एवढंच."

डिस्चार्ज कार्डावर यासाठी रकाना नसतो. मी डाएट हिस्टरीच्या जागी, इंग्रजी मजकुरात, मराठीत लिहिलं: घरच्या जेवणात मीठ नव्हते. सोडियम पाकिटातल्या बिस्किटांतून गेले.

सही करताना सर थांबले. "हे मेडिकल आहे का?"

"शंभर टक्के," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

दर्शनानं कार्ड वाचलं, परत एकदा वाचलं आणि फाइलमध्ये न ठेवता नवऱ्याच्या हातात दिलं. "माज्या भावाला फोन लावा. वाचून दाखवा."

जितेंद्रनं कॉरिडॉरमध्ये उभं राहून फोन लावला आणि पुटपुटल्यासारखं वाचायला लागला.

"मोठ्यानं," व्हीलचेअरवरून बाबा म्हणाले.

त्यानं पहिल्यापासून, मोठ्यानं वाचलं.

आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न छापलेला आहे: घरी स्वयंपाक कोण करतं? तो मी आता सगळ्यात शेवटी विचारते. आधी घरातली रिकामी पाकिटं मागवते.