नैवेद्याआधीचं पान

देवळाच्या मंडळाच्या अध्यक्षानं माझ्या हातातलं ताट हिसकावलं आणि अंगणातल्या नळाखाली उपडं केलं. ताटात मारुतीचा नैवेद्य होता. फोडलेला रोडगा, वांग्याची भाजी, वर तूप. सगळं मोरीत गेलं. मग त्यानं नळ सोडून स्वतःचे हात धुतले. ताटाला माझे हात लागले होते ना.

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आम्हा विदर्भातल्या लोकांचं मारुतीचं देऊळ आहे. हनुमान जयंतीला तिथं रोडग्यांचा स्वयंपाक असतो. मागच्या अंगणात गोवऱ्यांचा आर लावून कणकेचे ते जाड गोळे भाजायचं काम माझं. आधी माझ्या आईचं होतं. डोळ्यांत धूर, हातावर चटके. आमच्या जातीच्या हातचे रोडगे पंगतीला चालतात. देवाला चालत नाहीत. देवाचं ताट अध्यक्षाच्या घरून येतं, त्याची बायको सोवळ्यानं रांधते.

इतकी वर्षं मी हे गिळलं. वर अध्यक्षाला वाकून नमस्कारही केला. पंडरीच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे. तिथं मी झाडलोट करायची. मला नवरा नाही. बीरगावातल्या खोलीचं भाडं आणि पोरीचं कॉलेज त्याच पगारावर चालायचं. मारुतीपुढं हात जोडले तरी मनात एकच असायचं, अध्यक्षाची मर्जी राहू दे.

यंदा त्यानं एका बड्या नेत्याला दर्शनाला बोलावलं होतं. अध्यक्षाला त्याच्याकडून कसलं तरी पद हवं होतं, सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. नेता ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी येऊन धडकला. अध्यक्षाच्या घरचं ताट अजून आलं नव्हतं.

अध्यक्ष धावत मागं आला. "साहेबांचं पान वाढ. लवकर."

मी म्हटलं, "नैवेद्य नाही झाला अजून, भाऊसाहेब."

"होईन मंग. देव कुठं पळून चालला? साहेब निघायची घाई करून राहिले."

आमच्यात नैवेद्याआधी पान वाढत नाहीत. माझी पोरगी लहान असताना इथंच, या आराजवळ, भुकेनं रडायची. मी तिला थांबवलं होतं. याच माणसाच्या धाकानं थांबवलं होतं. आणि आज तो देवालाच थांबवत होता. माझं डोकं सणकलं. ज्या देवाच्या नावानं यांनी मला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्या देवाची यांच्या लेखी एवढीच किंमत.

मी ताट घेतलं. रोडगा फोडला. भाजी वाढली, तूप सोडलं. आणि सरळ गाभाऱ्याकडं निघाले.

तो आडवा आला. "कुठं चालली?"

"देवाले दाखवते. मंग तुमच्या साहेबाले वाढते."

"तुले पगार कोण देते? मारुती देते का मी देतो?"

तेव्हा त्यानं ताट हिसकावलं. पुजारी खाली बघत राहिला. बायकांनी पदर सावरले. तोवर नेत्याचं पान दुसऱ्याच कोणीतरी वाढलं होतं. मारुती उपाशी आणि नेता वांग्याच्या भाजीची तारीफ करत होता. अध्यक्ष त्याच्या शेजारी तुपाची वाटी धरून उभा. साहेबानं नजर वर केली की कमरेत वाकत होता.

त्याचं ते वाकणं मी पाहिलं. आणि मला स्वतःचीच चीड आली. याला घाबरत होते मी? हा तर माझ्यापेक्षा भित्रा. देवावर जरा भरवसा असता तर नेत्याला म्हणाला असता, थांबा, आधी नैवेद्य. पण याचा भरवसा खुर्चीवर. आणि माझा याच्यावर. मारुतीवर कोणाचाच नाही.

संध्याकाळी दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला. "कल मंडल की मीटिंग है, दीदी. सबके सामने भैया के पैर छू लेना. बात खतम."

पोरीला मराठी कळते, पण बोलते हिंदीच. ती म्हणाली, "छू लो ना, आई. क्या जाता है?"

"जाते, बाई. माझं जाते."

दुसऱ्या दिवशी मी गेले. अध्यक्ष खुर्चीत पाय पुढं करूनच बसला होता. म्हणाला, "चुकलं म्हण."

मी म्हटलं, "चुकलं असन तर देवापाशी चुकलं असन. त्याच्या पाया पडीन. तुमच्या नाही."

"मंग उद्यापासून दुकानात येऊ नको."

"हव, नाही येत," म्हटलं, आणि निघाले.

आता शेजारणी म्हणतात, देव सगळं बघतो, तुझं चांगलंच होईल. असलं गोड बोलणं मला नको. मी देवावर भरवसा टाकला तो त्यानं नोकरी परत मिळवून द्यावी म्हणून नाही. कारखान्यांच्या दारांवर काम विचारत फिरते आहे. अजून मिळालेलं नाही. पोरगी माझ्याशी नीट बोलत नाही. भीतीही वाटते. पण त्या माणसाची वाटत नाही.

पुढच्या हनुमान जयंतीला मी देवळात जाणार आहे. आर लावायला नाही. घरून रोडगे भाजून नेईन. पुढच्या दारानं आत शिरेन आणि ताट मारुतीपुढं ठेवेन. अध्यक्ष आडवा येईलच. या वेळी मी ताट सोडणार नाही.