रबरवाले साडू

जगाच्या पाठीवर कुठल्याही समुद्रात एखादं जहाज अडकलं की त्याची पहिली झळ आमच्या साडूंना लागते. दुसरी मला, कारण ते ताबडतोब फोन करतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान मूळचे कराडकडचे, पण त्यांची उभी हयात बहारीनमध्ये गेली. तिथल्या तुबली भागात गॅरेजांच्या रांगेत त्यांचं एक छोटं दुकान होतं आणि त्यात ते फक्त फ्रीजच्या दारांची रबरं विकत. दाराच्या कडेने असतं ना, चटकन चिकटणारं, ते. इथे गल्लीतल्या वाण्याच्या दुकानाला ‘कोल्ड स्टोअर’ म्हणतात. अशा प्रत्येक दुकानात दुधाचे, ताकाचे, आईस्क्रीमचे उभे फ्रीज असतात आणि ऑगस्टमध्ये दार जरासं उघडं राहिलं तरी आतल्या सगळ्याचं सरबत होतं. ‘‘हा देश माझ्या रबरावर उभा आहे,’’ साडू मला बजावत. मीही इथेच एका कंपनीत अकाउंटंट आहे, त्यामुळे मला व्यापारातलं काहीही कळत नाही, अशी त्यांची खात्री होती.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी स्वयंपाकघरात शिरत. फ्रीजच्या दारात कागदाचा कपटा अडकवून ओढून बघत. कपटा सहज निघाला की त्यांचा चेहरा डॉक्टरसारखा गंभीर होई. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला तीर्थप्रसाद हातात घेऊनच त्यांनी यजमानीणबाईंना बातमी दिली, ‘‘वहिनी, तुमचं दार श्वास घेतंय.’’ त्या बाई घाबरून दरवाजाकडे बघायला लागल्या. जेवायला बसल्यावर आणखी कठीण. इथे मीठ सोडलं तर ताटातलं सगळं बाहेरून येतं आणि साडू प्रत्येक पदार्थाचा प्रवास सांगितल्याशिवाय घास घेत नसत. कांदा कुठल्या बंदरातून निघाला, डाळ कुठे उतरली, दूध पुलावरून सौदीहून आलं तेव्हा ट्रकची रांग किती लांब होती. ‘‘बाबा, नोबडी आस्क्ड,’’ त्यांची मुलगी म्हणायची. ‘‘विचारायला पाहिजे,’’ साडू म्हणायचे. ‘‘पूल बंद झाला तर चहा काळा प्यावा लागेल.’’

त्यांचा स्वतःचा माल तुर्कस्तानातून यायचा. फोनवर जहाजांचे बाण दाखवणारं एक अॅप असतं. माहेरी निघालेल्या लेकीची काळजी करावी तशी ते त्यातल्या एका बाणाची काळजी करत. मग तांबड्या समुद्राची वाट धोक्याची झाली आणि जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. भाडं भरमसाट वाढलं. माल वेळेवर येईना. त्यातच पुलापलीकडच्या एका मोठ्या कंपनीने इथे रबरांचं गोदाम उघडलं, तेही घरपोच सेवेसकट. स्वस्त रबरं तर कुणीही फोनवर मागवू लागला. नव्या दुकानदारांची तऱ्हा आणखी निराळी. रबर फाटलं की ते हप्त्याने नवा फ्रीजच घेऊन टाकत. साडू रोज दुकान उघडत, रबरं टांगायच्या रिकाम्या खुंट्या पुसत आणि शटर ओढून घरी येत. ‘‘दमलो हो,’’ एवढंच म्हणत. पूर्वी ते ‘दमलो’ म्हणाले की पुढे तासभर बोलत. आता तिथेच थांबत.

अशात एका शुक्रवारी आम्ही उम्म अल हस्सममधल्या त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. ताईंनी नुकतीच पुरणपोळी वाढली होती, तेवढ्यात फोन वाजला. झिंज वस्तीत एक म्हातारे बहारिनी हाजी छोटं कोल्ड स्टोअर चालवतात, त्यांचा फोन. साडूंचं दुकान नवं होतं तेव्हापासूनचं हे गिऱ्हाईक. हाजींचा आवाज आम्हाला पानावर ऐकू येत होता. ‘‘सदीक, दरवाजा खलास! आईस्क्रीम खलास! कुल्लू पानी!’’ म्हणजे दोस्ता, सगळ्याचं पाणी झालं.

‘‘माल नाही म्हणून सांगा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘समुद्रात आहे म्हणावं.’’

साडूंनी ताट बाजूला सारलं. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि स्वतःच्या फ्रीजचं रबर सोलून काढू लागले.

‘‘अहो!’’ ताई किंचाळल्या. ‘‘त्यात दोन दिवसांचं दूध आहे!’’

‘‘आपण एवढे जण आहोत. दूध पिऊन टाकू,’’ साडू म्हणाले. ‘‘त्यांचं सगळं दुकान त्या दाराआड आहे.’’

मी गाडी काढली. झिंजला पोचेपर्यंत ते मांडीवर ते रबर वेटोळं करून बसले होते. दुकानात जाऊन त्यांनी माप घेतलं, रबर कापलं, कोपरे गरम सुरीने जोडले आणि दार लावलं. ते चिकटल्याचा आवाज आला तेव्हा हाजींनी दोन्ही हात वर केले. पैसे घ्यायला साडू तयार होईनात, म्हणून हाजींनी आम्हाला अर्धवट वितळलेली कुल्फी खायला लावली. ती खाता खाता हाजी म्हणाले, ‘‘मेरा बेटा बोलता है, दुकान बंद करो. तुम क्या बोलता?’’

साडूंनी कुल्फीची काडी पुसली. ‘‘मैं भी बंद करता हाजी,’’ ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हे त्यांनी तोवर ताईंनाही सांगितलं नव्हतं.

गाडीत मी विचारलं, ‘‘नक्की ठरलंय?’’ ‘‘त्या मोठ्या कंपनीने नोकरी देऊ केलीय,’’ खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. ‘‘सेल्समध्ये. ह्या वयात मला घेतात, म्हणजे माणसं वाईट नाहीत. आणि खरं सांगू? त्यांचा माल चांगला आहे. मी तपासला.’’

महिनाअखेर दुकान गेलं. त्या जागी आता मोटारीच्या काचांना काळी फिल्म लावून देतात. साडू गळ्यात ओळखपत्र घालून वेळेवर ऑफिसला जातात. पगार होतो, रजा मिळते, आणि साहेब निम्म्या वयाचा असला तरी साडूंनाच ‘सर’ म्हणतो. परवा दुपारी साडू आणि ताई आमच्याकडे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर मी काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणून वळून पाहिलं तर साडू सोफ्यावर मान टाकून गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं.

माझी बायको त्यांना हलवायला निघाली. ताईंनी तिचा हात धरला. ‘‘झोपू दे गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लग्न झाल्यापासून दुपारी झोपलेलं पाहिलं नाही मी यांना.’’ मग त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. आम्ही कुजबुजत बोलत होतो. घर इतकं शांत झालं होतं की मला ते सहन होईना. साडूंनी डोळे उघडून काहीतरी सुनवावं, मला काही कळत नाही असं म्हणावं, अशी वाट बघत मी बसून राहिलो.